'दुर्धर' हा शब्द आधी काढा : लहान मुलांचा कॅन्सर आणि आपले खान्देशातले पेपर, रेडिओ, भोंगे

तापीकाठची | ३ सप्टेंबर, रात्री १०:१२

परवा आमच्या तालुक्याच्या पानावर बातमी होती. 'दुर्धर आजाराशी चिमुकल्याची झुंज, मदतीचे आवाहन.' सहा वर्षांचा पोरगा, डोक्यावर केस नाहीत, तोंडाला मास्क, खाली बँकेचा खाते क्रमांक. दोन कॉलमांत आजाराचं नाव एकदाच, तेही 'रक्ताचा ब्लड कॅन्सर'. सुरुवात कशी झाली, आईबापाला आधी काय दिसलं, हा आजार बरा होतो का, यातलं एक अक्षर नाही. मी हजार रुपये पाठवले आणि दिवसभर घरात चिडचिड करत फिरले.

चिडायला कारण आहे. २०१९ च्या मे महिन्यात माझ्या भाच्याचं जावळ होतं, अकरा महिन्यांचा होता. मामाच्या मांडीवर बसवून फोटो काढला. फ्लॅश पडला की डोळे लाल येतात ना, तसा त्याचा उजवा डोळा लाल आला. डावा आला पांढुरका, रात्री बॅटरी मारल्यावर मांजरीचा दिसतो तसा. आत्या म्हणाली, पोरगा घारा होणार. सगळे हसलो. फोटो छान होता म्हणून चोपड्याहून फ्रेम करून आणला आणि हॉलमध्ये लावला. सात महिने तो आमच्यासमोर भिंतीवर होता. येणाराजाणारा प्रत्येक जण त्याच्याखाली बसून चहा पिऊन गेला. डोळा तिरळा व्हायला लागला तेव्हाही 'मोठा झाल्यावर सरळ होतो' हेच. शेवटी एका लग्नात दूरच्या नात्यातली एक नर्स भेटली. तिने पोराला उचलून उजेडाकडे धरलं आणि म्हणाली, उद्याच्या उद्या दाखवा.

रेटिनोब्लास्टोमा. डोळ्याच्या पडद्याचा कॅन्सर. डोळा काढावा लागला, केमो झाली. पोरगा आता दुसरीत आहे, कृत्रिम डोळा लावून खो-खो खेळतो आणि आईला तिखट उत्तरं देतो. सात महिने आधी गेलो असतो तर कदाचित डोळाही वाचला असता.

आमच्या घरी दोन पेपर येतात. लोकल केबल चॅनेल आहे. आकाशवाणी जळगाव सासऱ्यांच्या उशाशी पहाटेपासून चालू असते. यातल्या कुणी आयुष्यात एकदाही सांगितलं नव्हतं की फोटोत पोराचा एक डोळा पांढरा दिसला तर डॉक्टरला दाखवा.

सप्टेंबर हा जगभर मुलांच्या कॅन्सरबद्दल जागृतीचा महिना असतो, त्याची सोनेरी फीत असते. आपल्याकडे या महिन्यात पानभर गणपतीची आरास. आरास असू द्या हो, पण कोपऱ्यात चार ओळी बसणार नाहीत का? पेपरात, रेडिओत, केबलवर काम केलेलं कुणी इथे असेल तर सांगा, हे कसं करायचं असतं.

जुना वार्ताहर | ३ सप्टेंबर, रात्री ११:०५

ताई, बत्तीस वर्षं जिल्हा पानावर काढली, त्यामुळे हा दगड माझ्याही डोक्यावर आहे.

आतली गोष्ट सांगतो. तालुका वार्ताहराला मिळतं ते पेट्रोलपुरतं. खरी कमाई वाढदिवसाच्या जाहिरातींचं कमिशन. त्याच्याकडे कुणी 'लक्षणं' घेऊन येत नाही, नातेवाईक मदतीचं निवेदन घेऊन येतात. तो निवेदन आणि फोटो डेस्कला पाठवून देतो. तिथे रात्री साडेनऊला उपसंपादकाकडे वीसेक बातम्या पडलेल्या, पान सोडायला तास उरलेला. 'दुर्धर' हेडिंगमध्ये बसतो. 'लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया' हे ब्लड कॅन्सरच्या प्रकाराचं नाव बसत नाही. इतकं साधं आहे ते. दुष्टपणा नाही, घाई आहे.

आणि तारखांचंही एक राजकारण असतं. ४ फेब्रुवारी जागतिक कर्करोग दिन, तेव्हा गुटखा-तंबाखूची बातमी ठरलेली. मुलांच्या कॅन्सरचा दिवस १५ फेब्रुवारी. अकरा दिवसांत पुन्हा कॅन्सर म्हटलं की डेस्क म्हणतं, आत्ताच झालं की. आदल्या दिवशी व्हॅलेंटाइन, १९ ला शिवजयंती. मधल्या मधे तो दिवस चेपला जातो.

उपाय आहे. बातमी मागू नका, चौकट द्या. शंभर-सव्वाशे शब्द, तयार, शुद्ध, स्थानिक डॉक्टरच्या नावाने, एकेका लक्षणाची एक. जाहिरात ऐनवेळी रद्द झाली की पानाला भोक पडतं आणि रात्री अकराला ते बुजवायला काहीतरी लागतं. आम्ही त्याला भरताड म्हणायचो. तुमच्या दहा चौकटी डेस्कच्या मेलमध्ये पडून असतील तर महिन्याभरात सहा लागतील. मोर्चा काढूनही इतकी जागा मिळणार नाही.

मेहरूणची बोरं | ४ सप्टेंबर, सकाळी ७:४८

वाईट वाटून घेऊ नका, पण मला हे पटत नाही. लोक आधीच मोबाइलवर वाचून अर्धे डॉक्टर झालेत. उद्या चौकट छापा, 'ताप, अशक्तपणा, हाडं दुखणं म्हणजे कॅन्सर असू शकतो'. पावसाळ्यात जळगावात कोणत्या पोराला ताप नसतो? सगळ्या आया लॅबच्या दारात. फायदा लॅबवाल्याचा.

पोरांचा डॉक्टर | ४ सप्टेंबर, दुपारी ३:२०

ओपीडी आटोपून लिहितोय. बोरं यांचा मुद्दा उडवून लावण्यासारखा नाही. म्हणूनच 'ताप' असं लिहायचं नसतं, 'कारण न सापडलेला, दोन आठवडे उलटले तरी न जाणारा ताप' असं लिहायचं असतं. सगळी मेख त्या विशेषणांत आहे. उपसंपादकाने नेमकी तीच कापली तर मात्र बोरं जिंकले.

आईला कळेल अशा भाषेत सांगतो. फोटोत किंवा उजेडात बाहुलीत पांढरी चमक, नव्याने आलेला तिरळेपणा. अंघोळीला तेल लावताना पोटात एका बाजूला हाताला लागणारी गाठ (मूत्रपिंडाचा विल्म्स ट्यूमर बऱ्याचदा असाच सापडतो, आईच्या हाताला, डॉक्टरच्या नव्हे). मानेत, काखेत वाढत जाणारी, न दुखणारी गाठ. मार न लागता अंगावर काळेनिळे डाग, हिरड्यांतून रक्त, पोर पांढरंफटक पडणं. हाडं इतकी दुखणं की चालतं पोर कडेवर घ्या म्हणतं, रात्री दुखण्याने उठतं. सकाळी उठल्यावर डोकेदुखी आणि उलटी, चालताना तोल जाणं. यातलं काही असलं म्हणजे कॅन्सरच असं अजिबात नाही, बहुतेकदा दुसरंच निघतं. पण दाखवायचं. सुरुवातीला बहुधा नीट तपासणी आणि एक सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची साधी तपासणी, पुरतं. तेवढ्याने कुणी कंगाल होत नाही.

दुसरं, आमच्याच लोकांबद्दल. ताप, सांधेदुखी म्हणून पोराला स्टिरॉइडचं इंजेक्शन ठोकून देणारे आहेत. पोर चार दिवसांत तरतरीत होतं, जेवतं, आईबाप खूश. ल्युकेमिया असेल तर त्या पेशी तेवढ्यापुरत्या दबतात आणि निदान लांबतं. पुन्हा उसळून येतो तेव्हा काम अवघड झालेलं असतं. चौकट निघाली तर एक यावरही काढा, मी माझ्या नावाने देतो. व्यवसायबंधूंच्या शिव्या खायची तयारी आहे.

आणि 'दुर्धर'बद्दल तापीताईंशी शंभर टक्के सहमत. जागतिक आरोग्य संघटना सांगते की दरवर्षी १९ वर्षांपर्यंतच्या सुमारे ४ लाख मुलांना कॅन्सर होतो. श्रीमंत देशांत त्यातली ८० टक्क्यांहून जास्त बरी होतात, आणि गरीब-मध्यम उत्पन्नाच्या बऱ्याच देशांत ३० टक्केसुद्धा नाही. रोग तोच, औषधंही बरीचशी तीच. उशिरा कळणं, चुकीचं निदान, मधेच सोडलेले उपचार, यात पोरं जातात. २०१८ मध्ये संघटनेने २०३० पर्यंत जगभर किमान ६० टक्के मुलं वाचवायचं उद्दिष्ट ठेवलं. बाप पेपरात 'दुर्धर' वाचतो आणि शेत विकायच्या आधीच हात टेकतो. बरा न होणाऱ्या आजारासाठी कोण मुंबईला जाईल?

मुलांच्या कॅन्सरमध्ये आईबापाची चूक नसते, खाण्यापिण्याने होत नाही, शिवल्याने लागत नाही. सासू सुनेला बोलते म्हणून हे लिहावं लागतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. रेटिनोब्लास्टोमात साधारण ४० टक्के मुलांत तो आनुवंशिक प्रकारचा असतो, म्हणून पाठच्या भावंडांचे डोळे तपासायलाच हवेत. तापीताई, तपासलेत ना?

तापीकाठची | ४ सप्टेंबर, दुपारी ४:०१

हो डॉक्टरसाहेब. धाकटीचे तिसऱ्या आठवड्यातच तपासले. ठीक आहे ती.

अमळनेरची | ४ सप्टेंबर, रात्री ९:३३

दोन वर्षं इथे फक्त वाचते. आज लिहिते.

तापीताईंनी सांगितला तसा फोटो माझ्या मुलाचाही छापून आला होता. कोणत्या पेपरात ते नको. दिराने सदिच्छेने निवेदन दिलं. पैसे आले, नाही म्हणणार नाही. एका शेतकऱ्याने कपाशीच्या पट्टीतून दोन हजार पाठवले होते, त्यांचं नाव अजून देवघरात लिहून ठेवलंय. पण बातमीत माझा मोबाइल नंबर होता. पहिल्या आठवड्यात साठेक फोन आले. मदतीचे दहा-बारा असतील. बाकी कुणाकडे हमखास गुण येणारी जडीबुटी, कुणाकडे मंतरलेला धागा, एक जण म्हणाला केमो बंद करा मग माझं औषध लागू पडेल. माझी नणंद दोन दिवस तेच धरून बसली होती.

हे सगळं निभावलं. जे निभावलं नाही ते सांगते. मुलगा नऊ वर्षांचा होता, वाचता येत होतं. दवाखान्यात शेजारच्या खाटेवरच्या मावशींनी कौतुकाने तो पेपर त्याच्याच हातात दिला. 'मृत्यूशी झुंज.' त्याने मला विचारलं, "आई, मृत्यू कोणाचा?"

आम्ही त्याला रक्तात खराब पेशी झाल्यात, औषधाने जातील, असं सांगितलं होतं. ते खोटं नव्हतंच. त्या दिवसापासून त्याने माझं कुठलंही बोलणं धड खरं मानलं नाही. सुई टोचणार नाहीत म्हटलं तरी डोळ्यांत बघायचा. अडीच वर्षं उपचार चालले, पूर्ण झाले. शाळेत परत गेला तर एका मुलीच्या आईने बाक बदलून मागितला. तिनेही पेपरच वाचला होता, पण लागट नसतं हे त्यात कुठे होतं?

तेव्हा चौकटी जरूर काढा. फक्त पोराचा चेहरा, नाव, गाव, नंबर नको. पैशासाठी हॉस्पिटलच्या समाजसेवा विभागाकडे जा, तिथे बसलेल्या बाईंनी मला पेपरपेक्षा जास्त मिळवून दिलं.

जुना वार्ताहर | ४ सप्टेंबर, रात्री १०:१५

ताई, 'मृत्यूशी झुंज' हे हेडिंग मी स्वतः किती वेळा दिलं असेल, मोजदाद नाही. वाचणारं पोरही असतं हे एकदाही डोक्यात आलं नाही.

अक्राणी महाल | ५ सप्टेंबर, सकाळी ६:३०

तुमची सगळी चर्चा सपाटीची चाललीय. धडगावला पेपर येतो तोवर दुपार होते आणि पाड्यावर येतच नाही. आश्रमशाळेत शिकवतो, म्हणून सांगतो. आमच्याकडचं माध्यम म्हणजे आशाताई, आठवडे बाजार आणि मोबाइलवर फिरणारे पावरी बोलीतल्या गाण्यांचे व्हिडिओ. नेटवर्क असलेल्या टेकडीवर पोरं रात्री ते उतरवून घेतात, मग ब्लूटूथने पाडाभर.

आणि लक्षणांचा गोंधळ इथे वेगळाच. सातपुड्यात सिकलसेल (रक्ताचा आनुवंशिक आजार) आहे, कुपोषण आहे. पोर फिकट, हाडं दुखतात, ताप येतो, म्हणजे सिकलसेल. सुकत चाललंय, म्हणजे कुपोषण. मानेत गाठी, म्हणजे टीबी. नव्वद वेळा बरोबरही असतं हो. पण माझ्या वर्गात चौथीला एक मुलगी होती, मानेत गाठी. आधी भगत, मग टीबीच्या गोळ्या चार महिने. गाठी बसेनात तरी कुणी तुकडा काढून तपासला नाही. तिला पुढे पाठवलं तेव्हा आईबाप ऊसतोडीला गुजरातेत होते. लिम्फोमा, म्हणजे लसिकाग्रंथींचा कॅन्सर होता. गेली. तिच्यासाठी मदतीचं आवाहनसुद्धा कुठे छापून आलं नाही, कारण निवेदन द्यायलाच कुणी नव्हतं.

डॉक्टरसाहेबांच्या यादीत हे जोडा. टीबीच्या औषधाने गाठ बसत नसेल तर परत जा आणि 'तुकडा तपासा' म्हणा. होळीच्या आधी भोंगऱ्या बाजार भरतो, पाड्यापाड्यातून माणूस येतो, ढोल, बासऱ्या. तिथे स्टॉल नको, कुणी थांबत नाही. गाणं द्या. माझे दोन माजी विद्यार्थी व्हिडिओ करतात, त्यांना शब्द मी पावरीत सांगतो.

मेहरूणची बोरं | ५ सप्टेंबर, सकाळी ८:१०

सर, तुमचं वाचून कालची प्रतिक्रिया जरा खटकतेय मला. लॅबबद्दलचं मत कायम ठेवतो, पण ही लक्षणं रिक्षावर भोंगा लावून गावोगाव सांगू, त्याचा एक दिवसाचा खर्च माझ्याकडे.

धुळ्याचा भाऊ | ५ सप्टेंबर, सकाळी ११:४०

भोंगा फिरवणार तर अहिराणीत फिरवा. प्रमाण भाषेत भोंगा म्हणजे पाणीपट्टी भरा, नाहीतर सभेला या. माणूस मान वर करत नाही. हा घ्या मसुदा :

"ओ माय, ओ बहिन, पोरना फोटो काढा आनि नीट दखा. एक डोया लाल नि एक धवया दिखस का? पोटमा गाठ हातले लागस का? मार नही लागना तरी आंगवर डाग शेतस का? वाट दखू नका, डागदरले दखाडा. हाऊ आजार बरा व्हस."

भुसावळ जंक्शन | ५ सप्टेंबर, दुपारी १२:०२

भाऊ, 'धवया' म्हटलं तर लोक गोठ्यात बैल शोधतील. सरळ 'पांढरा' म्हणा. आणि यावल-रावेरला हे चालणार नाही, आमच्यासाठी लेवा गणबोलीत वेगळं करा.

धुळ्याचा भाऊ | ५ सप्टेंबर, दुपारी १२:०९

बैल ते बैल, मान तर वर करतील! बरं, पांढरा. लेवा तुम्ही लिहा.

भुसावळ जंक्शन | ५ सप्टेंबर, दुपारी १:३०

लिहितो. तोवर कामाची माहिती, कारण भोंग्याने घाबरलेला माणूस विचारणार 'मग जायचं कुठे'. हे चौकटीत हवंच.

आधी गावचा बालरोगतज्ज्ञ किंवा जळगाव, धुळे, नंदुरबारचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. कॅन्सरचा संशय पक्का झाला की टाटा मेमोरियल, परळ. तिथे मुलांचा वेगळा विभाग आहे, पैशाअभावी उपचार तुटू नयेत म्हणून त्यांचीच इम्पॅक्ट फाउंडेशन काम करते. निघण्याआधी रेशनकार्ड आणि आधार पिशवीत टाका, महात्मा फुले जनआरोग्य योजनेला लागतात. राहायला दादरला गाडगे महाराजांची धर्मशाळा आहे. मुलांसाठी सेंट ज्यूडची केंद्रं, आईबापासह मोफत, पण तिथे हॉस्पिटलच्या शिफारशीने जायचं असतं. थेट बॅग घेऊन उभे राहू नका.

रेल्वेत आयुष्य गेलं म्हणून हे ठासून सांगतो : उपचाराला जाणाऱ्या कॅन्सर रुग्णाला स्लीपर आणि थ्री एसीत भाडं पूर्ण माफ, सोबतच्या एकाला ७५ टक्के सूट. हॉस्पिटलचं प्रमाणपत्र रेल्वेच्या ठरलेल्या नमुन्यातच लागतं. खिडकीवर साधी चिठ्ठी घेऊन आलेली, पोर कडेवर असलेली माणसं मी परत जाताना पाहिलीत. नमुना दिला असता तर पहिल्याच फेरीला काम झालं असतं.

तापीकाठची | ६ सप्टेंबर, रात्री ९:५०

दोन दिवसांत झालेलं सांगते. डॉक्टरसाहेबांनी सहा चौकटी लिहून दिल्या, वार्ताहरकाकांनी प्रत्येकीतून तीस-तीस शब्द कापले (डॉक्टर रुसले होते), पण 'दोन आठवडे' आणि 'कारण न सापडलेला' हे शब्द जागेवर आहेत. अमळनेरच्या ताईंच्या सांगण्यावरून शेवटी एक ओळ सगळीकडे : 'हा आजार लागट नाही. वेळेत कळला तर बहुतेक मुलं बरी होऊ शकतात.' रेडिओसाठी पत्र दिलंय, उत्तराची वाट आहे. केबलवाल्याने पडद्याखाली फिरणाऱ्या पट्टीचे पैसे मागितले. त्याच्या बायकोला फोटोची गोष्ट सांगितली, आता मागत नाही. आमच्या गल्लीच्या गणपतीशेजारी तो जावळाचा फोटो मोठा करून लावतोय. चेहरा झाकून, फक्त दोन डोळे. भावाने परवानगी दिली, वहिनी आधी तयार नव्हती.

वांग्याचं भरीत | ६ सप्टेंबर, रात्री ११:२५

सगळा धागा एका दमात वाचला आणि तासभर मोबाइलमधले जुने फोटो बघत बसलोय. धाकट्याच्या राखीच्या फोटोत उजवा डोळा पांढरा दिसतो. बाकी फोटोंत नाही. डॉक्टरसाहेब, फोटो व्यनि (खासगी निरोप) करू का? बायकोला अजून बोललो नाही.

पोरांचा डॉक्टर | ६ सप्टेंबर, रात्री ११:३१

फोटो पाठवू नका. कोन जरा तिरका असला तरी चांगला डोळा कधीकधी पांढरा येतो, आणि मी मोबाइलवर बघून काहीही सांगितलं तरी ते चूकच. बायकोला आत्ता सांगा. सकाळी दोघं मिळून पोराला नेत्रतज्ज्ञाकडे न्या, 'बाहुली मोठी करून पडदा तपासा' असंच म्हणा.

वांग्याचं भरीत | ७ सप्टेंबर, दुपारी २:१५

आत्ता घरी आलो. थेंब टाकून दोन्ही डोळे तपासले. पडदा स्वच्छ आहे. दूरचा नंबर निघाला, चष्मा सांगितलाय. आम्हाला माहीतच नव्हतं, टीव्हीजवळ बसतो म्हणून रोज मारत होतो त्याला.

रात्रभर दोघंही झोपलो नाही. भोंग्याच्या दुसऱ्या दिवसाचा खर्च मी देतो. पाचोऱ्याला रिक्षावाला दिवसाचे किती घेतो, कुणाला माहीत आहे का?